एकदा बरी झाली होती, मग पुन्हा कसं?

नैराश्य परतलं की पालक हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या मागे दुसरा, न उच्चारलेला प्रश्न असतो: आमचं काय चुकलं?

एका १९ वर्षांच्या मुलीची आई हेच विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीला पहिल्यांदा नैराश्य आलं ते सोळाव्या वर्षी. तेव्हा ती फारशी रडायची नाही, चिडायची. दार आपटायची, मैत्रिणींना टाळायची, रात्र रात्र जागायची. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिडच पुष्कळदा पुढे येते आणि घरचे ‘वयच तसं आहे’ म्हणून थांबतात. पण वयाची चिडचिड आवडीच्या गोष्टीत विरते. नैराश्यात आवडीचं काही उरतच नाही, आणि ते दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळपास रोज, दिवसभर टिकतं.

उपचारांनी ती चार महिन्यांत हसू-बोलू लागली. मग ‘सवय लागेल’ या धास्तीने गोळ्या बंद झाल्या. नैराश्यावरच्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची असते. आजार वारंवार येत असेल तर बहुधा दोन वर्षं किंवा जास्त. बरं वाटल्यानंतरच्या या महिन्यांबद्दल मी पालकांशी सर्वांत जास्त बोलते, कारण उपचार सुटतात ते तिथेच.

आणि सगळं नीट करूनही नैराश्य परतू शकतं. एकदा येऊन गेलेल्यांपैकी निदान निम्म्या जणांना ते पुन्हा गाठतं, आणि दर खेपेला पुढची शक्यता वाढते. यात त्या आईच्या मायेची कसर कुठेच नव्हती.

या वेळी मानसोपचारतज्ज्ञांनी आधी थायरॉइड तपासलं. मध्येच अति उत्साहाचे, झोपेची गरजच न वाटणारे दिवस येऊन गेले का, हेही विचारलं. तसं असेल तर आजार वेगळा आणि औषधंही वेगळी. मग फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी आणि माझ्याकडे विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बोलण्यातून बदलण्याची पद्धत), असं दोन्ही सुरू झालं.

आई मात्र घाबरलेली. गोळ्यांमुळे आत्महत्येचे विचार वाढतात, असं तिने वाचलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांबाबत २००४ मध्ये तसा इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला, हे खरं आहे. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. उपचार न केलेलं नैराश्यही जिवावर बेततं.

म्हणून मी मुलीला सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” आई दचकली. पण विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. मुलगी म्हणाली, “सकाळी जाग येऊच नये असं वाटतं.” त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं झालं. गोळ्या आईने ताब्यात ठेवायच्या, रात्री जड झालं तर कुणाला उठवायचं, हे तिघींनी बसून लिहिलं.

पुढे ती सावरल्यावर आजार परतण्याच्या तिच्या खुणा शोधल्या: मेसेजना उत्तरं देणं थांबतं, पहाटे तीनला जाग येते. आठवडाभर असं झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं, हे ठरलं.

परीक्षेच्या काळात पहाटेची जाग परतली तेव्हा तिने स्वतःच फोन केला. डोस वाढवावा लागला नाही. दोन भेटी तेवढ्या जास्त झाल्या.