कन्नड नीट वाचता न येणाऱ्या सीमाभागातल्या मराठी माणसाला कर्नाटक सरकारच्या पारदर्शकतेच्या योजनांचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का?

आपला प्रश्न असा आहे की, राज्य सरकार खुला कारभार, पारदर्शकता आणि लोकसहभाग यांविषयी सतत घोषणा करते, परंतु बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात राहणाऱ्या आणि कन्नड अडखळत वाचणाऱ्या मराठी माणसाच्या पदरात त्यातून काय पडते. मी खानापूर तालुक्यातील आहे आणि गेली बरीच वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून देतो; त्यामुळे माझे उत्तर कचेरीच्या खिडकीच्या बाहेर उभे राहणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. उपयोग होतो, परंतु तो संकेतस्थळावरून कमी आणि पंचायतीच्या दफ्तरातून जास्त होतो, आणि भाषेची अडचण खरी असली तरी ती कायद्याने जितकी घातली आहे त्याहून अधिक आपण निमूटपणे मान्य केली आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम 'योजना' या शब्दाविषयी. 2011 साली आठ देशांनी मिळून 'मुक्त शासन भागीदारी' सुरू केली आणि 2016 पासून स्कॉटलंडसारखी प्रादेशिक सरकारेही तीत आली. ही सरकारे ठरावीक मुदतीचा कृती आराखडा नागरिकांशी बोलून तयार करतात आणि तो पाळला की नाही याची बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी होते. भारत या भागीदारीचा सदस्य नाही. त्यामुळे कर्नाटकाकडे असा एकच जाहीर आराखडा शोधत बसू नये. येथे जे आहे ते वेगवेगळ्या वेळी झालेल्या कायद्यांच्या आणि संगणकीय व्यवस्थांच्या रूपाने विखुरलेले आहे, आणि कागदावर तरी ते कमी नाही. सरकारी खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा 1999 चा आहे. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा स्वतःचा कायदा 2000 साली झाला, म्हणजे केंद्राच्या 2005 च्या कायद्याच्या आधी. शेजारच्या गोव्याने मात्र 1997 मध्येच आघाडी घेतली होती. ठरलेल्या मुदतीत दाखले आणि उतारे देण्याचा 'सकाल' कायदा 2011 चा असून तो एप्रिल 2012 पासून राज्यभर लागू झाला. ग्रामपंचायतींची कामे, लाभार्थी आणि खर्च एका ठिकाणी पाहता यावेत म्हणून 'माहिती कणज' नावाचे संकेतस्थळ आहे. कणज म्हणजे धान्याचे कोठार. आपल्याकडची कणगी आणि हे कणज एकाच घरातले शब्द असावेत असे मला नेहमी वाटते, आणि 'माहिती' तर दोन्ही भाषांत एकच आहे. ही कणगी भरलेली असली तरी तिचे तोंड बहुतांशी कन्नडमध्ये उघडते, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

1963 च्या कायद्याने कन्नड ही राज्याची राजभाषा आहे. केंद्राच्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(1) नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणजे बेळगावात मराठीत केलेला अर्ज घेण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. हे कडू असले तरी खरे आहे, आणि पहिल्याच पायरीवर भांडण काढून महिने घालवण्यापेक्षा ते समजून घेतलेले चांगले. मी स्वतः एकदा असा हट्ट केला होता. एका कार्यालयाने माझा मराठी अर्ज परत केला, मी तोच पुन्हा पाठवला, त्यांनी पुन्हा परत केला. तोवर ज्या रस्त्याची चौकशी करायची होती त्याच्यावरची खडी दोन पावसाळ्यांत वाहून गेली होती. तिसऱ्या वेळी मी हिंदीत आठ ओळी लिहिल्या आणि माहिती मिळाली. देवनागरी वाचणाऱ्या आपल्या लोकांना हिंदीचा हा दरवाजा उपलब्ध आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मात्र त्याच कायद्यात कलम 4(4) आहे आणि मला त्याचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते. शासकीय कार्यालयांनी कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जी माहिती प्रसिद्ध करायची असते, ती प्रसिद्ध करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन विचारात घ्यावे, असे हे कलम सांगते. शब्द नीट पाहावेत. अर्जाविषयी बोलताना कायदा 'राजभाषा' म्हणतो आणि प्रसिद्धीविषयी बोलताना 'स्थानिक भाषा' म्हणतो. एकाच कायद्यात दोन ठिकाणी दोन शब्द येतात तेव्हा ते सहज आलेले नसतात, असे समजायला आधार आहे. ज्या गावात घराघरांत मराठी बोलली जाते, त्या गावच्या पंचायतीच्या भिंतीवर कामाचे नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार आणि मुदत कन्नडसोबत मराठीतही लिहा, अशी मागणी या कलमाच्या आधारे करता येते, आणि ती सीमाप्रश्नाची मागणी नसून कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी ठरते. त्याच्या जोडीला भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची 1956 पासूनची अखिल भारतीय योजना आहे, जिच्यानुसार एखाद्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असल्यास महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढावेत. 2011 च्या जनगणनेनुसार संपूर्ण बेळगाव जिल्ह्यातच मराठी भाषकांचे प्रमाण याहून अधिक आहे. खानापूर किंवा निपाणी तालुक्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. या योजनेला कायद्याची धार नाही, ही तिची मर्यादा आहे. परंतु अपिलात कलम 4(4) सोबत तिचा उल्लेख केल्यास मागणीला वजन येते.

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचे काय व्हायचे ते होईल. गटाराचे बिल कोणी काढले हे समजून घेण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता लोकसहभाग. घोषणांमध्ये हा शब्द फार मोठा होऊन येतो, परंतु गावपातळीवर त्याची ठिकाणे मोजकीच आहेत: वॉर्ड सभा, ग्रामसभा आणि जमाबंदी. 1993 च्या पंचायत राज कायद्यानुसार वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते आणि कोणती कामे घ्यायची, घरकुलाचे लाभार्थी कोण, हे तेथे ठरावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काय होते ते आपणही पाहिले असेल. दवंडी नाही, सूचनेचा कागद कन्नडमध्ये, सभा सकाळी अकराला म्हणजे माणसे शेतात असताना, आणि संध्याकाळी वही सह्यांसाठी घरोघर फिरते. त्या वहीवर न वाचता सही करणे हा आपल्या भागातील सर्वांत महागडा शिष्टाचार आहे. सभा मात्र तोंडी चालते आणि गावात ती मराठीतच चालते. अडचण लिहिताना येते. म्हणून आम्ही आमच्या गावात एवढेच सुरू केले की, ठराव लिहून झाला की पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, तो मोठ्याने वाचावा आणि सभेतील दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्याचा अर्थ मराठीत सांगावा, मगच सह्या व्हाव्यात. याला कोणी विरोध केला नाही. पहिल्याच वेळी सभेत बोलले गेलेले एक काम ठरावात आलेच नव्हते असे निघाले. कोणाचा लबाडीचा हेतू होता असे मी म्हणणार नाही, परंतु वाचन झाले नसते तर ते पुढच्या वर्षावर गेले असते.

जमाबंदीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तिचा फायदा सर्वांत कमी घेतला जातो. या शब्दाने घोटाळा होतो. महसुलाच्या जुन्या भाषेत जमाबंदी म्हणजे गावच्या वसुलाची वार्षिक आकारणी, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तोच अर्थ ठाऊक होता. कर्नाटकाच्या पंचायत व्यवस्थेत मात्र जमाबंदी म्हणजे दरवर्षी गावात येऊन पंचायतीच्या हिशेबांची आणि झालेल्या कामांची लोकांसमोर केली जाणारी तपासणी. त्या दिवशी बाहेरचा अधिकारी गावात असतो, वह्या टेबलावर असतात आणि कामाच्या जागी जाऊन पाहण्याची सोय असते. यासाठी अर्ज नको, शुल्क नको आणि कन्नडही फारसे नको, कारण 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'अर्ज', 'अंदाज' हे शब्द कन्नड दफ्तरातही जवळजवळ तसेच आहेत. आदिलशाही आणि पेशवाईच्या कचेऱ्यांनी आपल्याला ठेवलेली ही एक सोय समजावी. आकडे तर सर्वांचे सारखेच असतात. कामाची लांबी-रुंदी ज्या मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.मध्ये लिहिलेली असते, ते पुस्तक आणि हातात एक टेप घेऊन रस्त्यावर गेलेल्या चार माणसांना लिपी आडवी येत नाही.

मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत चित्र याहून निराशाजनक आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे, परंतु राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला ती अट लागू होत नाही. हलगा-मच्छे बायपासच्या सुपीक जमिनींसाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले, आणि लोकांचे म्हणणे निर्णयाआधी ऐकण्याची सक्ती नसली की भांडण निर्णयानंतर न्यायालयात जाते, हे आपल्या जिल्ह्याने त्या निमित्ताने पाहिले. याउलट पर्यावरण परवानगीची जनसुनावणी जेथे लागते, तेथे 2006 च्या अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि सुनावणीच्या शेवटी नोंदवलेल्या मतांचा सारांश स्थानिक भाषेत वाचून समजावून सांगावा लागतो. साखर कारखाने आणि त्यांचे विस्तार हे आपल्या जिल्ह्यात नित्याचे असल्यामुळे चिक्कोडी, निपाणी, अथणी भागातील लोकांनी ही तरतूद पाठ करून ठेवावी. मराठीत सारांश वाचा असे त्या ठिकाणी उभे राहून म्हणता येते, आणि ते म्हटल्याची नोंद इतिवृत्तात घ्या असेही म्हणता येते.

प्रत्यक्ष अर्जाविषयी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक अर्ज तपशिलात फसतात. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि तो सामान्यतः 150 शब्दांपेक्षा मोठा नसावा. आपल्याकडच्या लोकांना गाऱ्हाणे सुरुवातीपासून सांगण्याची सवय असल्यामुळे येथेच पहिला नकार येतो. शुल्क 10 रुपये असून ते पोस्टल ऑर्डरने भरता येते, प्रतींसाठी पानामागे 2 रुपये पडतात, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला अर्जाचे शुल्क नाही. 'भ्रष्टाचार का झाला' असे विचारू नये, तर अमुक कामाचे अंदाजपत्रक, एम.बी. आणि बिल मागावे. कन्नड कागदांचा गठ्ठा घरी आणून काय करायचे असा प्रश्न असेल, तर प्रतींऐवजी दफ्तराची पाहणी मागावी. तो अधिकार कायद्याच्या व्याख्येतच आहे, आणि सोबत वाचणारा माणूस असला की तासाभरात काम होते. ज्याला लिहिताच येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. लाभार्थ्यांच्या याद्या मागताना मात्र आता सावध राहावे, कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) ची, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची, सवलत अधिक व्यापक केली आहे. अशा अर्जात कलम 8(2) मधील सार्वजनिक हिताचा मुद्दा पहिल्यापासून लिहावा.

दाखल्यांच्या बाबतीत 'सकाल' बरे चालते, पावतीवरचा क्रमांक तेवढा जपून ठेवावा. उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये आणि जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. ती मागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण मागू असे म्हटल्यावर उतारा दुसऱ्या दिवशी मिळालेले दोघे-तिघे भेटले आहेत.

माहिती 30 दिवसांत मिळाली नाही किंवा अर्धवट मिळाली, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे खंडपीठ बेळगावातही असल्यामुळे पाचशे किलोमीटरवरील बेंगळूरची वारी टळते. पहिल्या अपिलाची मुदत उत्तर हातात पडल्याच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे उत्तर ज्या पाकिटातून आले ते पाकीट फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का हाच आपला पुरावा असतो, आणि आमच्या गावातील एक चांगले प्रकरण केवळ ते पाकीट चुलीत गेल्यामुळे मुदतबाह्य ठरले होते.