तिसऱ्या रविवारी भिडू का गळतात?

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या रोलप्लेइंग गेम्सबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरं.

प्रश्न : वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसाठी दर रविवारी दोन तास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सुरू केलं. पहिल्यांदा नऊ मुलं आली, तिसऱ्या रविवारी तीनच. नियम सगळे नीट समजावले होते. काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नियम नीट समजावले, तिथेच बहुधा गाडी अडली. नवख्याला स्वतःचं पात्र बनवायला तासभर सहज लागतो. पहिला रविवार आकडे लिहिण्यातच गेला, तर मुलांच्या लेखी तो आणखी एक क्लासच.

पहिल्या दिवशी तयार पात्रं द्या. अर्ध्या ए-फोर कागदावर एक, अशी सहा. नाव आणि ‘याला कशाची भीती वाटते?’ एवढ्या दोनच जागा रिकाम्या ठेवा. जादूगार पहिल्याच दिवशी हवाच असेल, तर वाचायला न कंटाळणाऱ्या मुलाला द्या. त्याच्या मंत्रांची यादी लांब असते. बसल्यापासून दहा मिनिटांत प्रत्येकाला एक तरी निर्णय घ्यायला लागला पाहिजे. फासे, आर्मर क्लास (वार लागायला किती आकडा हवा), हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला) यातल्या ज्याची गरज पडेल ते तेव्हाच सांगायचं.

दुसरी अडचण नऊ हा आकडा. लढाईत प्रत्येकाने दोन मिनिटं घेतली आणि डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू खेळवणारा) दोन, तर एक फेरी वीस मिनिटांची. म्हणजे आपला डाव खेळून झाला की अठरा मिनिटं बसून राहायचं. एवढ्यात कुठलंही पोर मोबाइल काढेल. एका टेबलाला चार भिडू, फार तर पाच. नऊ आले तर दोन टेबलं लावा. दुसरा डीएम नसेल तर आलटून-पालटून रविवार ठेवा, पण सगळ्यांना एकत्र कोंबू नका.

तिसरी गोष्ट पहिली लढाई. ‘चार भिडू, तर समोर चार गॉब्लिन (छोटे राक्षस)’ हा हिशेब सरळ वाटतो आणि तिथेच घात होतो. लढत किती अवघड हे शत्रूंच्या गुणांवरून ठरतं. २०१४च्या नियमांत एका गॉब्लिनचे ५० गुण, चार गॉब्लिनचे २००. पण शत्रू तीन ते सहा असले की बेरीज दुप्पट धरतात. झाले ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांना ४०० म्हणजे ‘जीवघेणी’ लढत. आठ हिट पॉइंटचा जादूगार गॉब्लिनच्या एकाच जोरकस वाराने आडवा होतो. दोनच गॉब्लिन ठेवा : १००ची दीडपट, १५०. ही लढत सोपी आणि मध्यम यांच्या मध्ये बसते.

आणि गोष्ट एका फाशावर टांगू नका. कुलूप उघडायला वीस बाजूंच्या फाशावर १५ हवेत आणि चोराच्या पात्राला त्यात +५ मिळतात, तर शंभरात पंचेचाळीस वेळा दार बंदच राहणार. मग पुढचं भुयार कुणी बघायचं? फासा हुकला तरी दार उघडू द्या, पण बिजागरी करकरते आणि आत कुणीतरी जागं होतं.

प्रश्न : फाशांचा संच आमच्या गावात मिळत नाही. ल्युडोच्या फाशांवर भागेल का? (एक शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : काही अंशी. संचात सात फासे असतात : चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, दहाचे दोन. वीसचा सगळ्यात जास्त लागतो. त्यासाठी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि काढलेली चिठ्ठी *दर वेळी परत टाका*. हे विसरलं की मोठे आकडे संपतात आणि शेवटचा भिडू हकनाक मरतो. चारसाठी एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं अशी वेगळी नाणी उडवा, छापा-काट्याच्या चार जोड्या होतात. बाराच्या जागी ल्युडोचे दोन फासे मात्र टाकू नका. दोन फाशांत ७ येण्याच्या छत्तीसात सहा वाटा, १२ची एकच, आणि १ तर कधीच येत नाही.

पुस्तकांवरही लगेच खर्च नको. नियमांचा गाभा असलेलं ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर फुकट आहे. श्रेय लिहून ते छापून वाटा, मराठीत उतरवा, सगळं चालतं.

प्रश्न : खेळ मराठीतून घेतो, पण एकच मुलगा बोलतो. बाकीचे गप्प. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘तुम्ही काय करता?’ असं विचारत असाल तर तसंच होणार. हा ‘तुम्ही’ सगळ्यांचा. जो आधी ओरडेल त्याचंच उत्तर मोजलं जातं. पात्राचं नाव घेऊन विचारा : ‘भैरू, विहिरीतून आवाज आला. तू काय करतोस?’ मुलगी पुरुष पात्र खेळत असेल तर ‘करतोस’ म्हणायचं की ‘करतेस’, हे तिलाच आधी विचारून ठेवा. तरीही गप्प असेल तर दोन पर्याय द्या, ‘खाली वाकतेस की दोर शोधतेस?’, आणि मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात बोलका भिडू मध्ये पडेल. त्याच्या हाती नकाशा काढायचं काम द्या.

हिट पॉइंट, लेव्हल हे शब्द मराठीत आणायचा आटापिटा नको, व्हिडिओ गेममुळे मुलांच्या तोंडी ते आहेतच. वर्णन मात्र मराठीतच करा. ‘डंजन’पेक्षा ‘पडक्या गढीखालचं भुयार’ म्हटलं की मुलं लगेच विचारतात, मशाल कुणाकडे आहे?