बेकारी भत्ता दिला तर देशातली बेरोजगारी वाढते का?

घरबसल्या पैसे मिळाले तर कामाला कोण जाईल, आणि मग बेरोजगारी वाढणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. आकड्यात थोडी वाढते, हे खरं. भत्ता चालू असला की माणूस नवी नोकरी धरायला जरा वेळ घेतो. पण हा वेळ आळसात जातो, हे मला पटत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मी बारा वर्षं काढली. 2019 ला गाड्यांचा खप पडला, फौंड्रीच्या, म्हणजे ओतकाम कारखान्याच्या, ऑर्डरी आटल्या. आमच्या मशीनशॉपमधून आधी कंत्राटी पोरं घरी गेली, मग व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनचा, सेटर, मशीन लावून देणारा कारागीर. पहिलाच पीस मापात बसवणारा माणूस! घरभाडं, पोराची फी तोंडावर. आठव्या दिवशी तो निम्म्या पैशात भाजीच्या टेम्पोवर चढला. तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेला त्याचा व्हर्नियर, माप घ्यायचं हत्यार, मी बघितलाय. दोन महिन्यांनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सेटरची जागा निघाली, पण टेम्पोमालकाची उचल अंगावर होती. जाता आलं नाही.

टेम्पोवर चढल्यावर सरकारी मोजणीत हा माणूस बेकार नव्हताच. पीएलएफएस या सरकारच्या रोजगार पाहणीत, चालू आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी रोजगारात धरतात. भत्ता नसलेल्या देशात आकडा कमी दिसतो तो यामुळेही, कारण गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी 2008 साली अमेरिकेबद्दल दाखवलं, की भत्त्यामुळे बेकारीचा काळ जेवढा लांबतो, त्यातला सुमारे 60 टक्के भाग हाताशी रोकड असल्यामुळे लांबतो. म्हणजे मिळेल ते काम धरायची घाई उरत नाही. बाकीचा भाग कामाची ओढ कमी झाल्याचा, तोही नाकारू नये. पण 2021 मध्ये तिथल्या जवळपास निम्म्या राज्यांनी कोविडकाळातला जादा भत्ता मुदतीआधी बंद केला, तेव्हा एका अभ्यासात दिसलं, की भत्ता तुटल्यामुळे कामाला लागला तो आठांत एक. एवढ्यासाठी उरलेल्यांच्या चुलीत पाणी ओतायचं?

आपल्याकडे ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, नोकरी गेलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 ला आली. 90 दिवसांपर्यंत पगाराच्या 25 टक्के, 2020 मध्ये ते 50 केले. आमच्या सेटरला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याचा पगार ईएसआयच्या महिना 21,000 च्या मर्यादेपेक्षा जास्त होता. आणि कंत्राटदारानं ज्यांची नावंच भरली नाहीत, ती पोरं तर कुठल्याच कागदावर नव्हती.

माझ्या मते निम्मा पगार सहा महिने मिळावा, पगाराची मर्यादा न लावता, आणि कंत्राटी पोरांनाही. वर्षानुवर्षं मात्र देऊ नये. मशीनपासून फार लांब राहिलं की सेटरच्या हाताची सवय मोडते, मग जागा निघाली तरी मालक त्याला दारात उभं करत नाही.