वॉशिंग मशीनसाठी एक्स्टेंशन घेताना: आधी वायरीची जाडी बघा

प्रश्न असा आहे: फोंड्याकडच्या जुन्या कौलारू घरात फ्रंट लोड मशीन मागच्या पडवीत ठेवायचं आहे. १६ अँपियरचा पॉइंट स्वयंपाकघरात, आठ मीटर लांब. घरातला चार सॉकेटचा स्पाइकगार्ड (तयार मिळणारा एक्स्टेंशन बोर्ड) १६ अँपियरच्या पॉइंटला बसेल असा कन्व्हर्टर प्लग लावून चालेल का?

नाही. खरा उपाय म्हणजे वायरमनला बोलावून पडवीत स्वतंत्र पॉइंट काढून घेणं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकाही या मशीनला एक्स्टेंशन नकोच म्हणतात. पण ते काम होईपर्यंत काही आठवडे काढायचे असतील तर नीट बनवलेलं एक्स्टेंशन हवं, आणि त्यात काय बघायचं ते सांगतो.

मशीनवरची पाटी वाचा. पाणी तापवणाऱ्या मशीनवर साधारण २००० वॉट लिहिलेलं असतं. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास ९ अँपियर, आणि हीटर चालू असताना हा भार सलग बराच वेळ राहतो. मिक्सरचा भार दोन मिनिटांचा, म्हणून तो साध्या बोर्डावर निभावतो. स्पाइकगार्डचे सॉकेट ६ अँपियरचे असतात आणि वायर बहुधा ०.७५ एमएमची (एमएम म्हणजे इथे चौरस मिलिमीटर). ही तांब्याची वायर साधारण ७ अँपियर झेलते, १ एमएम ११, दीड एमएम १४ आणि अडीच एमएम १९.

इथे अनेकांचा समज असतो की जास्त भार झाला तर एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडेल. पडणार नाही. तुमचा एमसीबी १६ अँपियरचा असेल तर ९ अँपियर त्याच्या हिशेबी नेहमीचाच भार. तो भिंतीतल्या वायरीला सांभाळतो, पुढे तुम्ही लावलेली बारीक वायर त्याला दिसत नाही. ९ मीटरच्या ०.७५ वायरीत ९ अँपियरला सुमारे ३८ वॉट उष्णता होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत जाते, उरलेली वायर गुंडाळून मशीनमागे कोंबली तर सगळी त्या वेटोळ्यात साठते आणि आवरण मऊ पडतं. अडीच एमएममध्ये हाच आकडा १२ वॉटवर येतो. म्हणून एक्स्टेंशन अडीच एमएमचंच करा: तीन कोअर, गोल, तांब्याची लवचिक केबल, वर आयएस ६९४ छापलेली. लांबी मोजून वर फक्त एक मीटर. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा.

एका टोकाला १६ अँपियरचा प्लगटॉप, दुसऱ्या टोकाला एकच १६ अँपियरचा सॉकेट असलेला बॉक्स. जास्त सॉकेट घेऊ नका, असले की कोणीतरी इस्त्री लावतंच. अडीच एमएमची केबल साधारण १० मिलिमीटर जाड असते. स्वस्त प्लगटॉपमधून ती जात नाही, मग वरचं आवरण सोलून आतल्या तीन वायरी तशाच बाहेर काढल्या जातात. असं चालवून घेऊ नका. बाहेरचं आवरण क्लॅम्पखाली दाबलं गेलं पाहिजे. तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी जाड पिनेला, आणि ही अर्थची वायर आत थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. तारेच्या टोकांना शिशाचा डाग (सोल्डर) देऊ नका. स्क्रूखाली शिसं हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो.

सैल जोड हाच बहुतेक जळलेल्या बोर्डांचा खरा आजार. ०.१ ओहमचा खराब जोडही ९ अँपियरला एका बिंदूवर ८ वॉट तापतो. आपल्याकडे दमट हवा, किनाऱ्याला खारा वारा, पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि तोच जोड बिघडवतो. पहिल्यांदा गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की अर्ध्या तासाने मशीन थांबवा, भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढून पिनांना बोट लावा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही बिघडवतो.

पडवीत पावसाची झड येते. बॉक्स जमिनीवर नको, भिंतीला मीटरभर उंचीवर स्क्रूने बसवा आणि केबलला बॉक्सच्या खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खाली ठिबकेल, आत शिरणार नाही. दाराच्या फटीतून वायर नेऊ नका. मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवा, कारण ओल्या पायांनी मशीनला हात लागणारच आहे. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि जुन्या घरात तिसऱ्या भोकाला अर्थ खरंच जोडलेली आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्या. ती नसेल तर वरचं काहीही करण्याआधी तेच काम.

चवथीला माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताच्या) एलईडी माळांसाठी मात्र तुमचा स्पाइकगार्ड पुरेसा आहे.