गृहपाठ ग्रुपवर येतो, मग मोबाईल काढून कसा घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यम. यंदा शाळेत स्मार्टबोर्ड बसवलाय आणि गृहपाठ रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, कधी आठला तर कधी पार साडेनऊला. मग मोबाईल द्यावाच लागतो आणि गृहपाठाचा फोटो बघता बघता साहेब रील्सवर कधी पोचतात पत्ता लागत नाही, ओरडलं की "अभ्यासच करतोय ना" हे ठरलेलं. पण खोटं कशाला बोलू, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून त्याने हृदयाचा व्हिडिओ पाहिला आणि चारही कप्पे मला समजावून सांगितले, मला दहावीतही ते धड कळलं नव्हतं. परवा मात्र 'माझा आवडता ऋतू' निबंध एआयकडून लिहून घेतला, त्यात हिवाळ्यात चक्क बर्फ पडत होता, आणि आम्ही राहतो अकलूजला! मोबाईल बंद केला तर पोरगं मागे पडेल, दिला तर हे असं. नवरा म्हणतो सरळ बटणवाला फोन आण. काय करू?
– एक आई, अकलूज

उत्तर: अकलूजला बर्फ, वा! तो निबंध फाडू नका हं. पेन देऊन त्यालाच दुरुस्त करायला बसवा, बर्फ खोडायचा आणि आपल्याकडच्या थंडीत सकाळी काय काय दिसतं ते स्वतः लिहायचं. कुठे कुठे थापा आहेत हे त्याचं त्यालाच सापडू दे. आणि दहावीला मराठीचा ८० मार्कांचा पेपर तीन तास हातानेच लिहायचाय, तिथे एआय येणार नाही हेही सांगून ठेवा.

बटणवाल्या फोनने ग्रुपचा प्रश्न सुटत नाही, उलट क्यूआरचा फायदा जातो. तो क्यूआर तर तुमच्याच जिल्ह्याचं कौतुक आहे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पुस्तकातले क्यूआर कोड ज्यावर उघडतात त्या सरकारी दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात, ते तुम्ही दुपारी करून ठेवा आणि मुलाच्या हातात फोन देताना वायफाय, डेटा दोन्ही बंद. तो पुन्हा चालू करेलच म्हणा, म्हणून फोन हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

खरी गडबड मला गृहपाठाच्या निरोपात दिसते. पाच ओळींचा निरोप पोचवायला पोराच्या हातात इंटरनेट कशाला? फळ्यावर लिहिला, मुलांनी डायरीत उतरवला, संपलं. सर मुद्दाम उशीर करतात असं नाही, त्यांचाही बराच वेळ कसली कसली ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. शाळेत डायरी सुरू होईपर्यंत ग्रुपवरचा गृहपाठ तुम्ही कागदावर उतरवून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. साडेनऊनंतर आलेला दुसऱ्या दिवशी करेल, तसं सरांना आधीच कळवून ठेवा.

आता जरा कडू बोलते. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तिथे मोठेही बंद ठेवतात, म्हणून पोरांना फक्त आपल्यावरच अन्याय होतोय असं वाटत नसणार. तुम्ही दोघं सोफ्यावर स्क्रोल करत बसणार आणि तो एकटा गणितं सोडवणार, हे चालायचं नाही बाई.

पालकसभेत एकट्या गेलात तर "तुमच्याच मुलाचं असं आहे" म्हणून बोळवण होईल. चार-पाच जणींना बरोबर घ्या, गृहपाठ शाळा सुटायच्या आधी डायरीत हवा एवढंच मागा. आणि स्मार्टबोर्डचा विषय निघालाच तर विचारा, व्हिडिओ संपल्यावर मुलं वहीत नेमकं काय करतात?