वाचकांचे प्रश्न : डोळ्यांची सर्जन व्हायला किती वर्षं लागतात?

प्रश्न : माझी मुलगी इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करते आहे. तिला डोळ्यांचीच सर्जन व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, मोतीबिंदू म्हणजे दहा मिनिटांचं काम, त्यात एवढं काय शिकायचं? तिचे हात थोडे थरथरतात, त्याचीही काळजी वाटते.
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नीट-पीजीनंतर नेत्ररोगातली एमएस किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी, तीन वर्षं. त्यापुढे बरेच जण रेटिना (डोळ्याचा पडदा), कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) किंवा काचबिंदूची वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप करतात. म्हणजे एमबीबीएस धरून दहा वर्षं सहज जातात, आणि ती लागतातच.

पहिलं वर्ष मुख्यतः ओपीडीत जातं. स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकावर डोळा तपासणं, रेटिनोस्कोपीने नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं. इनडायरेक्टने, म्हणजे डोक्यावर बांधायच्या तपासणी-यंत्राने, पडदा नीट दिसायलाच काही महिने लागतात. कंटाळून हे घाईत उरकलं, तर पुढे कोणाचं ऑपरेशन करायचं आणि कोणाचं नाही, हेच कळत नाही.

हात बसतो तो बोकडाच्या डोळ्यांवर. मायक्रोस्कोपखाली 10-0 नायलॉनचे टाके घालायचे. हा धागा केसाहून बारीक असतो. मग रुग्णावर, पण सीनिअर शेजारी बसलेले असताना आणि एकेक पायरी. पहिल्या दिवशी कोणी पूर्ण ऑपरेशन करत नाही. सोप्या पायऱ्या आधी, अवघड नंतर. सरकारी कॉलेजांत सहसा आधी एसआयसीएस ही लहान छेदाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिकवतात : स्क्लेरामध्ये (डोळ्याच्या पांढऱ्या भागात) सहा-साडेसहा मिमीचा बोगदा करून न्यूक्लियस, म्हणजे लेन्सचा कडक गाभा, अख्खा बाहेर काढायचा. फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या प्रोबने गाभा फोडून ओढून घेणं, त्यानंतर. त्यात चीर अडीच मिमीच्या आसपास असते, दोन्ही हात डोळ्यात आणि उजवा पाय पेडलवर. पेडल पहिल्या टप्प्यावर पाणी सोडतं, दुसऱ्यावर ओढतं, तिसऱ्यावर अल्ट्रासाउंड चालू करतं. नवख्याचा पाय नको तेव्हा तिसऱ्यावर जातो, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत.

खरी परीक्षा रेक्सिसची. लेन्सच्या पुढच्या पापुद्र्यात पाच-साडेपाच मिमीचं गोल तोंड उघडायचं असतं. पांढऱ्या, पिकलेल्या मोतीबिंदूत आत दाब साचलेला असतो, त्यामुळे चीर क्षणात कडेकडे पळते. म्हणून आधी ट्रायपॅन ब्लू या रंगाने पापुद्रा निळा करायचा, व्हिस्कोने (डोळ्यात भरायच्या घट्ट जेलने) लेन्सपुढचा कप्पा भरून लेन्सचा फुगवटा दाबायचा, तोंड सुरुवातीला लहानच ठेवायचं. चीर पळू लागलीच तर ओढत राहायचं नाही : थांबायचं, पुन्हा व्हिस्को भरायचं आणि टोक मध्याकडे वळवायचं.

लेन्सचा मागचा पापुद्रा अवघा काही मायक्रॉनचा. तो फाटला की नवखा सर्जन घाबरून प्रोब झटकन बाहेर काढतो, आणि हीच सगळ्यांत मोठी चूक. कप्पा कोसळतो आणि व्हिट्रस, म्हणजे डोळ्यामागचा जेलीसारखा द्रव, पुढे येतं. प्रोब जागेवर ठेवून आधी दुसऱ्या छिद्रातून व्हिस्को भरायचं, मगच काढायचं. हे वाचून येत नाही. शांत डोक्याने शिकवणारा सीनिअर लाभणं फार मोलाचं आहे. मुलीने कॉलेज निवडताना हेच विचारावं : रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) स्वतःच्या हाताने किती केसेस मिळतात?

थरथरीचं म्हणाल तर हलकी थरथर आडवी येत नाही. मनगट रुग्णाच्या कपाळावर टेकलेलं असतं. रात्रीची झोप आणि सकाळच्या चहाचं प्रमाण यांनी बराच फरक पडतो. मनाने गोळ्या मात्र घेऊ नयेत. त्याहून महत्त्वाची आहे दोन्ही डोळ्यांनी खोली कळणं, म्हणजे स्टिरिओप्सिस. ती चाचणी आत्ताच करून घ्यावी. आणि मान-पाठ. आधी आपली खुर्ची लावायची, मग टेबल, शेवटी मायक्रोस्कोप. उलट क्रमाने बसणाऱ्यांची मान लवकर धरते.

प्रश्न : एमएसनंतर सरकारी नोकरी बरी की स्वतःचा दवाखाना?
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : लगेच दवाखाना काढू नका. मायक्रोस्कोप, फेको मशीन, बायोमेट्री, ऑटोक्लेव्ह हे सगळं कर्जावर घेतलं की हप्त्यासाठी केसेस घ्याव्याशा वाटतात, आणि निर्णय तिथेच बिघडतात. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सीनिअर रेसिडेन्सी (एमएसनंतरची रुग्णालयातली नोकरी) केलीत, तर कडक, तपकिरी मोतीबिंदू आणि डोळ्याला मार लागलेले रुग्ण भरपूर बघायला मिळतात. मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर सीनिअर रेसिडेन्सीचं वर्ष सहसा लागतं. प्रवेशाच्या वेळी सही केलेला बाँड (सरकारी सेवेचा करार) मात्र आधी नीट वाचा.

आणि कुठेही असा, ऑपरेशनआधी 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक डोळ्यात तीन मिनिटं राहू द्या, लिस्ट कितीही लांब असो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाने दुखतंय, अंधुक दिसतंय असं फोनवर सांगितलं, तर थेंब वाढवून उद्या बोलवू नका. त्याच दिवशी तपासा. एंडोफ्थॅल्मायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गात) व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकांचं इंजेक्शन डोळ्यात काही तास आधी पडलं की उशिरा, यावर नजर राहते की जाते हे ठरू शकतं.