चर्चच्या मंडळीतल्या मुलीला भर उपासनेत फिट येते. सभासदांनी काय करावे? तिने कोयरमध्ये राहावे का?

कोयरचे नंतर बघू. तुम्ही तपशिलात लिहिले आहे की चारपाच जण तिला घट्ट धरतात, डोक्यावर हात ठेवून मोठ्याने भूत घालवतात, 'आणि ती बरी होते'. या एका वाक्यामुळे लिहायला बसलो.

ती बरी होत नाही, फिट संपते. बहुतेक मोठ्या फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्यामुळे तेवढ्या वेळात जो जे करेल त्याला श्रेय मिळते: चप्पल हुंगवणाऱ्याला, कांदा फोडणाऱ्याला, मुठीत किल्ल्या कोंबणाऱ्याला, आणि भूत घालवणाऱ्यालाही. मग पुढच्या रविवारी साक्ष होते, म्हणजे देवाने बरे केले असे सर्वांसमोर सांगतात, आणि त्या भरात गोळ्या बंद होतात. व्हॅलप्रोएट असो, फेनिटोइन असो की लेव्हेटिरासिटॅम, गोळी एकदम सोडली की फिट्स परत येतात, कधी एकीला लागून दुसरी, मध्ये शुद्धच येत नाही. हे जिवावर बेतते. तेव्हा दोष कोणाला देतात? तिच्या विश्वासाला.

बाकांच्या रांगेत करायचे ते असे. पहिल्या माणसाने घड्याळ बघायचे. दोन बाकांमधली जागा अरुंद, डोके लाकडाच्या कडेवर आपटते; म्हणून बाक मागे सरकवा, तिला हातपाय धरून ओढू नका. डोक्याखाली शाल किंवा ओढणीची घडी, चष्मा काढा, गळ्याजवळचे सैल करा. झटके दाबून धरायचे नाहीत. स्नायू पूर्ण ताकदीने ओढत असतात, धरले की खांदा निखळू शकतो. तोंडात चमचा नको, बोट नको. जीभ गिळली जात नाही. दात मात्र तुटतात. झटके मंदावले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. ती आपले नाव आणि आपण कुठे आहोत हे नीट सांगेपर्यंत पाणी नाही, प्रभुभोजनाचा प्याला तर नाहीच. कपडे ओले झाले असतील, महिला मंडळातल्या कोणी शाल घालावी. पाळकसाहेबांनी लोकांना जागेवर बसवून एखादे गीत सुरू करावे. प्रार्थना करा की, पण हळू आवाजात, आपल्या बाकावरून.

5 मिनिटे झाली तर 108. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, मार लागला, किंवा बाई गरोदर असेल तर 5 मिनिटांची वाट बघत बसू नका. नंतर तिला झोप येते, गोंधळल्यासारखे होते. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत झोपवा, एकाच माणसाने जवळ बसावे.

आता बायबलमधला मार्क 9, जिथे बाप झटके येऊन पडणाऱ्या मुलाला येशूकडे आणतो. वडीलमंडळातल्या काही भावांशी माझा हा वाद जुना आहे. ते म्हणतात, येशूने त्या मुलातून आत्माच काढला ना? काढला. पण मत्तय 4:24 मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी (फिट येणारे) आणि पक्षाघाती वेगवेगळे मोजले आहेत, ते का? मार्क 9:21 मध्ये येशू आधी बापाला विचारतो की याला हे केव्हापासून होते. डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतात. त्या मुलाकडे कोणी विश्वास मागितलेला नाही. 29व्या वचनातला 'उपास' काही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे, औषध टाकावे असे नाही. आणि भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग 1949 मध्ये कुठे निघाला? वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. जेकब चांडींच्या हाताखाली. ते काय अविश्वासाने?

फिट ओढवून आणतात ती जागरणे आणि चुकलेल्या गोळ्या. 31 डिसेंबरची रात्रीची उपासना, रात्रभराची प्रार्थना, लेंटमधले (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतले) उपास, इथेच घोळ होतो. तिला लवकर घरी जाऊ द्या. उपासातही गोळी वेळेवरच.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी आणखी एक बघावे: मूल पाचदहा सेकंद शून्यात बघते, हाक ऐकत नाही आणि पुन्हा काही झालेच नाही असे वागते. दिवसातून अनेकदा होत असेल तर ते दुर्लक्ष नसून फिट असू शकते. रागावू नका, आईवडिलांना सांगा.

कोयर? गाऊ द्या. वरच्या गॅलरीत किंवा पायरीच्या कडेला उभी करू नका, नाताळात हातात पेटती मेणबत्ती देऊ नका. अपस्मार (फेफरे) असलेल्या शंभरांत लुकलुकणाऱ्या दिव्यांनी फिट येणारे साधारण तीनच, तेव्हा तिला तो त्रास असेल तरच दिवे बंद करा. बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर पाणी कमरेइतके, दोन्ही बाजूंना धरणारे दोघे, आणि आदल्या रात्री तिची झोप झालेली.

हेही सांगायला हवे की प्रत्येक फिट अपस्माराची नसते. काही मानसिक ताणातून येतात, काही नुसती चक्कर असते. ओळखणे डॉक्टरांचे काम. घरच्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर त्यांना मदत होते, बाकीच्यांनी फोन खिशात ठेवावेत. मुलगी व्हॅलप्रोएटवर असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला, कारण ते औषध गर्भाला धोक्याचे आहे; मनाने मात्र बंद करू नका. आणि स्थळ मोडायला कायदा पुढे करणाऱ्यांसाठी: ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात अपस्मार हे कारणच नाही, आणि हिंदू व विशेष विवाह कायद्यांत लग्नाला अडथळा म्हणून त्याचा उल्लेख होता, तोही 1999 साली काढला आहे.